आखाजीचं सोनं आणि दुसऱ्या दिवशीची दरवाढ : अमळनेर तालुक्यातल्या एका घराचा प्रकरण अभ्यास

२०२२ साली आखाजी (अक्षय्य तृतीया) ३ मे रोजी, मंगळवारी आली. दुसऱ्या दिवशी दुपारी रिझर्व्ह बँकेने ठरलेल्या बैठकीची वाट न बघता रेपो दर (बँकांना ती ज्या व्याजाने पैसे देते तो) ४ टक्क्यांवरून ४.४० टक्के केला. त्याच रात्री अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने (तिथली मध्यवर्ती बँक, थोडक्यात फेड) आपला दर अर्ध्या टक्क्याने वाढवला. या दोन्ही घोषणांच्या दोन रात्री आधी, अमळनेर तालुक्यातल्या एका गावात, माझ्या ताईच्या घराच्या ओट्यावर बसून आम्ही एक निर्णय घेतला होता. लग्नाचं सोनं आत्ता घ्यायचं की थांबायचं? त्या निर्णयाचा हा हिशेब आहे.

सल्ला माझा होता. मी तीस वर्षं बँकेत काढली, त्यामुळे घरात व्याज आणि सोनं या विषयांवर शेवटचा शब्द माझा, असं होऊन बसलं आहे. त्या सल्ल्यातला निम्मा भाग चुकला. कुठे आणि का चुकला, ते मी कागदावर आकडे मांडून पुन्हा पुन्हा तपासलं. आपल्याकडच्या अनेक घरांत हाच प्रश्न दरवर्षी येतो, म्हणून ते इथे मांडतो. ताई आणि नाना (माझे मेहुणे, त्यांना सगळं गाव नानाच म्हणतं) यांना विचारूनच लिहितो आहे.

घर आणि पैसा

नानांची आठ एकर जमीन. त्यातली बरीचशी कपाशी, थोडा मका. दोन मुली. थोरली धुळ्याला नर्स होती, तिचं लग्न पुढच्या फेब्रुवारीत करायचं ठरलं होतं. दहा तोळे सोनं करायचं हे ताईने केव्हाच मनात धरलेलं. (आपल्या सराफ बाजारात आता तोळा म्हणजे सरळ १० ग्रॅम. जुना ११.६६ ग्रॅमचा तोळा फक्त म्हाताऱ्यांच्या बोलण्यात उरला आहे.)

त्या हंगामात कापसाने नशीब उघडलं होतं. २०२१-२२ चा हमीभाव लांब धाग्याला ६,०२५ रुपये होता, आणि बाजारात क्विंटलला दहा हजारांच्या वर भाव मिळत होता. नानांनी निम्मा माल संक्रांतीच्या आसपास विकला, निम्मा एप्रिलमध्ये. घरखर्च, सोसायटीचं (गावच्या शेती पतसंस्थेचं) कर्ज आणि पुढच्या पेरणीची तजवीज काढून खात्यावर सव्वापाच लाख उरले. इतकी रोकड एका वेळी त्या घराने पूर्वी पाहिली नव्हती.

पण भाव फक्त कापसालाच चढला नव्हता. पोटॅशची गोणी सतराशेवर गेलेली. गोडेतेल, डिझेल, मांडव, आचारी, सगळ्यांचे दर दर महिन्याला बदलत होते. एप्रिल २०२२ ची देशाची किरकोळ महागाई ७.७९ टक्के निघाली, आणि बँकेत वर्षाच्या ठेवीवर जेमतेम पाच टक्के मिळत होते. म्हणजे खात्यावर पैसा ठेवला तर वर्षाअखेर रक्कम वाढलेली दिसेल, पण त्यातून कमी वस्तू येतील. हे नानांना कोणी शिकवावं लागलं नाही. ते ओट्यावर म्हणाले, "भाऊ, आंडेरनं लगीन शे, सोनं ते लेनंच पडी. आते लेऊत का थांबूत?" (आंडेर म्हणजे मुलगी.)

मी काय सांगितलं

माझं म्हणणं असं होतं. अमेरिकेत महागाई चाळीस वर्षांत नव्हती इतकी झाली आहे. तिथली मध्यवर्ती बँक मार्चपासून व्याज वाढवायला लागली आहे आणि अजून बरंच वाढवणार आहे. सोनं व्याज देत नाही. तिजोरीत ठेवलं तर पाच वर्षांनी तेवढंच निघतं. अमेरिकेच्या सरकारी रोख्यावर शून्य टक्का मिळत असतो तेव्हा सोनं धरून ठेवण्यात कुणाचं काही बुडत नाही. तेच रोखे चार-पाच टक्के द्यायला लागले की मोठमोठे फंड सोनं विकून तिकडे वळतात, आणि सोन्याचा भाव उतरतो. म्हणून पाच तोळे मुहूर्ताचे घ्या आणि उरलेल्या पाचासाठी थांबा. दिवाळीपर्यंत सत्तेचाळीस हजारांपर्यंत मिळायला हरकत नाही.

नानांनी ऐकलं. आखाजीच्या सकाळी ते आणि ताई अमळनेरहून रेल्वेने जळगावला गेले. मीही बरोबर होतो. सराफ बाजारात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. भावफलकावर चोख सोन्याचा भाव एक्कावन्न हजार. नानांनी दागिना न घेता वेढणी (दहा-दहा ग्रॅमची चोख सोन्याची साधी वळी) घेतली, म्हणजे मजुरी लागत नाही आणि पुढे मुलीच्या पसंतीने घडवता येतं. काचेच्या पेटीतल्या काट्यावर पाच वेढणी ठेवली. आकडा ५०.००० वर येऊन थांबेपर्यंत ताईने पदर तोंडाशी धरलेला होता. २,५५,००० रुपये सोन्याचे, तीन टक्के जीएसटीचे ७,६५०. उरलेले दोन लाख साठ हजार मी सांगितल्याप्रमाणे वर्षाच्या ठेवीत टाकले.

जे घडलं ते आधी सांगून टाकतो. पुढच्या पाच महिन्यांत सोनं डॉलरमध्ये खरंच पडलं, जवळपास मी म्हणालो तसंच. नानांच्या हाती मात्र त्यातलं जवळजवळ काहीच आलं नाही.

भाव कुठे बनतो

हा या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, म्हणून सावकाश मांडतो.

भारतात लागणारं बहुतेक सोनं बाहेरून येतं. त्यामुळे जळगावच्या फलकावरचा आकडा तीन गोष्टी मिळून बनतो : जगाच्या बाजारातला औंसाचा डॉलर भाव, डॉलरला किती रुपये पडतात तो दर, आणि आयात शुल्क. औंस म्हणजे ३१.१०३५ ग्रॅम. डॉलर भावाला रुपयाच्या दराने गुणायचं, ३१.१०३५ ने भागायचं, दहाने गुणायचं आणि वर शुल्क चढवायचं. सरकार शुल्कासाठी आधारमूल्य वेगळं ठरवतं, बाजारात कधी सूट तर कधी जादा आकार असतो, त्यामुळे शंभर-दोनशेचा फरक राहतो. पण हिशेब बसतो.

आखाजीला औंस १,८७० डॉलरच्या आसपास होता, डॉलर साडेशहात्तर रुपयांना, आणि सोन्यावरचं एकूण शुल्क १०.७५ टक्के. गणित केलं की ५०,९०० च्या आसपास येतं. फलकावर एक्कावन्न हजारच होते.

आता सप्टेंबरअखेर. औंस १,६४० डॉलर. म्हणजे बारा टक्के घसरण. मी मनात धरलेल्यापेक्षाही जास्त. पण तोवर रुपया ८१.८० वर गेला होता. आणि जूनअखेरीला सरकारने सोन्यावरचं शुल्क १५ टक्क्यांवर नेलं होतं. पुन्हा गणित : ४९,६०० रुपये. जळगावात साडेएकोणपन्नास चालू होता.

आता समजा रुपया साडेशहात्तरवरच राहिला असता आणि शुल्क जुनंच असतं, तर त्याच दिवशी भाव ४४,७०० च्या आसपास असता. नानांना तोळ्यामागे सहा हजार वाचले असते. प्रत्यक्षात जेमतेम दीड हजार वाचत होते. मधले सुमारे तीन हजार रुपयाच्या घसरणीने खाल्ले आणि उरलेले अठराशे शुल्कवाढीने.

इथे माझी चूक काय होती ते नीट सांगायला हवं. रुपया पडला आणि शुल्क वाढलं हा निव्वळ योगायोग नव्हता. अमेरिकेने व्याज वाढवलं की जगभरचा पैसा डॉलरकडे धावतो, आणि रुपया खाली येतो. रुपया खाली आला, आयातीचं बिल फुगलं, की सरकार ज्या आयातीवर पहिला हात टाकतं ती सोन्याची असते. २०१३ सालीही असंच झालं होतं. तेव्हा डॉलर महाग झाला, चालू खात्यातली (परदेशाशी होणाऱ्या देण्याघेण्यातली) तूट वाढली आणि सोन्यावरचं शुल्क वर्षभरात टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर नेलं गेलं. म्हणजे ज्या कारणाने डॉलरमधलं सोनं स्वस्त होतं, त्याच कारणाने रुपयातलं सोनं महाग व्हायची व्यवस्था आपल्याकडे तयार असते. मी अमेरिकेचं व्याज पाहिलं आणि तिथेच थांबलो. बँकेत परकीय चलनाचं काम केलेल्या माणसाने रुपया विसरावा, याची खंत मला आजही आहे.

व्याज कोणतं मोजायचं

दुसरी चूक जास्त खोलवर होती आणि ती लक्षात यायला मला अधिक वेळ लागला.

"व्याज वाढलं की सोनं पडतं" हे वाक्य आपण सर्रास वापरतो. पण २००४ ते २००६ या काळात अमेरिकेने सलग सतरा वेळा दर वाढवले, १ टक्क्यावरून ५.२५ टक्क्यांपर्यंत, आणि त्याच काळात सोनं चारशे डॉलरवरून सहाशेच्या पुढे गेलं. सत्तरच्या दशकातही व्याज चढत होतं आणि सोनंही चढत होतं. ३५ डॉलरला बांधलेलं सोनं १९७१ साली अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी मोकळं केलं, आणि जानेवारी १९८० मध्ये ते ८५० डॉलरवर होतं. त्यातल्या बऱ्याच वर्षांत व्याज महागाईच्या मागे धापा टाकत पळत होतं. मग फेडचे तेव्हाचे अध्यक्ष पॉल व्होल्कर यांनी दर २० टक्क्यांच्या घरात नेले, महागाईची पाठ मोडली, आणि १९८२ च्या मध्यापर्यंत सोनं तीनशे डॉलरच्या आसपास आलं.

सोन्याचं वैर बँकेच्या पाटीवर लिहिलेल्या व्याजाशी नसतं. महागाई वजा करून जे हातात उरतं, त्या खऱ्या व्याजाशी असतं. ते शून्याच्या खाली असेल तर सोनं ठेवणाऱ्याचं काही जात नाही. ते वर चढू लागलं की सोनं ठेवणं महाग पडतं.

पण कुठली महागाई वजा करायची? सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेचा दर ३ ते ३.२५ टक्के होता आणि तिथली महागाई आठच्या वर. वजाबाकी केली तर खरं व्याज उणे पाच. मग सोनं चढायला हवं होतं, ते पडत का होतं? कारण बाजार झालेली महागाई मोजत नाही, तो येणारी महागाई मोजतो. अमेरिकन सरकारचे महागाईशी बांधलेले दहा वर्षांचे रोखे असतात. त्यांच्यावरचा परतावा मार्च २०२२ मध्ये उणे एक टक्क्याच्या आसपास होता आणि ऑक्टोबरअखेर अधिक दीड टक्क्याच्या वर गेला. बाजाराला पटलं होतं की फेड महागाई आटोक्यात आणणार. सोन्याची २०२२ सालची पडझड त्या अडीच टक्क्यांची आहे.

यातून थांबणाऱ्यासाठी एक फार व्यवहाराची गोष्ट निघते. दरवाढ जाहीर होते त्या दिवशी भाव हलतो तो फक्त अंदाजापेक्षा काही वेगळं निघालं तर. बाकी सगळं आधीच भावात बसलेलं असतं. मी मात्र असं धरून बसलो होतो की दर वाढत आहेत तोवर सोनं पडत राहील आणि दरवाढ थांबली की घेऊ. फेडची शेवटची दरवाढ जुलै २०२३ मध्ये झाली, ५.२५ ते ५.५० टक्के. सोनं फिरलं होतं त्याच्या आठ महिने आधी. १० नोव्हेंबर २०२२ ला अमेरिकेची ऑक्टोबरची महागाई जाहीर झाली, ७.७ टक्के, अंदाजापेक्षा कमी. जूनमधल्या ९.१ च्या शिखरानंतर ही उतरण पक्की दिसली. त्या एका दिवसात सोन्याने उडी घेतली आणि मग मागे वळून पाहिलं नाही. फेड त्यानंतरही डिसेंबरमध्ये, फेब्रुवारीत, मार्चमध्ये, मेमध्ये दर वाढवतच होता.

थांबण्याची किंमत

सप्टेंबरअखेर नवरात्रात ताईचा फोन आला होता. "साडेएकोणपन्नास झालंय म्हणतात, घेऊन टाकू का?" मी म्हणालो, थोडं थांब, सत्तेचाळीस येईल. हे वाक्य मला पाठ आहे, कारण त्याची किंमत मला रुपयांत सांगता येते.

दिवाळी गेली. नोव्हेंबरमध्ये त्रेपन्न झाले. डिसेंबरात चोपन्न. लग्नपत्रिका छापून आल्या, सोनाराला घडवायला पंधरा दिवस तरी द्यावे लागतात, आणि जानेवारीच्या उत्तरार्धात सत्तावन्न हजाराने उरलेली पाच वेढणी घेतली. २,८५,००० अधिक जीएसटी ८,५५०. आखाजीच्या पाच तोळ्यांपेक्षा ३०,९०० रुपये जास्त. ठेव मुदतीआधी मोडली म्हणून व्याजात कपात झाली, हाती आले आठ हजारांच्या आसपास. म्हणजे थांबल्याचा निव्वळ तोटा तेवीस हजार. नवरात्रात घेतलं असतं तर आखाजीपेक्षा पावणेआठ हजार कमी लागले असते.

ताईने एक शब्द बोलून दाखवला नाही. त्या रात्री नानांनी वहीत दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले आणि वही माझ्यासमोर ठेवली. रागाने नाही. त्यांना खरंच कळून घ्यायचं होतं. वरचं गणित मी त्याच वहीच्या पुढच्या पानावर पहिल्यांदा मांडलं.

कापसाचं काय झालं

इथवरचं वाचून कुणी म्हणेल, एवढंच ना, तेवीस हजार. मलाही तसंच वाटलं असतं, नानांचा कापूस मध्ये आला नसता तर.

मे २०२२ च्या सुरुवातीला, म्हणजे अगदी आपल्या आखाजीच्या आठवड्यात, न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात कापूस पाउंडाला १५० सेंटच्या वर होता. ऑक्टोबरअखेर तो ७५ सेंटच्या आसपास आला. निम्मा. व्याज महागलं, अमेरिकेत आणि युरोपात लोकांनी कपड्यांची खरेदी हात राखून केली, गिरण्यांनी साठा कमी केला, आणि ज्या महागाईने आपल्या कापसाला दहा हजार मिळवून दिले होते तिच्यावरचा उपाय आपल्याच कापसावर येऊन पडला. त्याच काळात सोनं डॉलरमध्ये बारा टक्के उतरलं होतं, आणि रुपयात तीन टक्क्यांच्या आत.

नव्या हंगामात खान्देशात काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. गेल्या वर्षीचा दहा हजारांचा भाव डोळ्यांसमोर होता, म्हणून गावंच्या गावं कापूस घरात भरून थांबली. नानांकडे तीस क्विंटल होता. बैठकीच्या खोलीत छतापर्यंत. जेवायला अंगणात बसायचं. जानेवारीपासून घरातल्या सगळ्यांच्या अंगाला खाज सुटली, धाकट्या मुलीच्या हातांवर पुरळ आलं, तिची दहावीची परीक्षा तोंडावर. लग्नाचा मांडव पडायच्या आधी खोली मोकळी करावीच लागली. बारा क्विंटल ८,१०० ने गेला. उरलेला शेजारच्या खळ्यात ताडपत्रीखाली ठेवला आणि मे महिन्यात सात हजारांच्या जरा वर दिला. सुरुवातीला, दिवाळीच्या सुमारास, त्यांना ८,८०० चा भाव सांगितला गेला होता. तीस क्विंटलचा हिशेब केला तर अडतीस हजारांच्या आसपास गेले.

सोन्यासाठी थांबलो तिथे तोटा झाला, कापूस घेऊन थांबलो तिथेही झाला. दोन्ही ठिकाणी आम्ही गेल्या वर्षीचा भाव डोळ्यांसमोर ठेवून येत्या वर्षाचा अंदाज बांधत होतो. पण या दोन्हींत एक फरक आहे आणि तो मला कुठल्याही सूत्रापेक्षा मोलाचा वाटतो. कपाशीवर जगणाऱ्या घराची कमाई आधीच महागाई आणि व्याजाच्या चाकाला बांधलेली असते. जग तेजीत असतं तेव्हा कापूस वर, जग आखडतं तेव्हा कापूस खाली. अशा घराला बचत अशा वस्तूत हवी की जी त्याच वेळी तितक्याच जोराने खाली येणार नाही. आपल्या आज्यांनी कापसाचा पैसा आला की पोत, पाटल्या, एकदाणी करून ठेवली, त्यामागे हौस होतीच, पण हा हिशेबही होता. पगारदार माणसाचा सोन्याचा प्रश्न वेगळा, शेतकऱ्याचा वेगळा. मी नानांना पगारदाराचा सल्ला दिला होता.

चांदीबद्दल थोडं

त्याच वर्षी नानांच्या चुलतभावाने चांदी घेतली होती, मार्चमध्ये, किलोला सत्तर हजारांच्या भावाने. सप्टेंबरच्या सुरुवातीला ती बावन्न-त्रेपन्न हजारांवर होती. रुपया घसरूनही, शुल्क असूनही. चांदीची निम्म्याहून अधिक मागणी कारखान्यांची असते : सौर पॅनेल, विजेची उपकरणं, इलेक्ट्रॉनिक्स. व्याज वाढलं की सोन्यासारखी ती पडतेच, आणि कारखाने मंदावतील या भीतीने कापसासारखीही पडते. वर जातानाही तशीच दुप्पट जोराने जाते. चुलतभावाने विकली नाही आणि पुढे त्याचं सोनं झालं. पण त्याला मधल्या काळात पैशांची गरज पडली नाही, हे त्याचं दैव. लग्नाची तारीख ठरलेली असताना चांदीवर भिस्त ठेवू नये, असं मी आता स्पष्ट सांगतो.

मग नियमच बदलला

खऱ्या व्याजाचं सूत्र मी नानांच्या वहीत लिहून दिलं खरं, पण पुढच्याच वर्षी ते अपुरं पडलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच महागाईशी बांधलेल्या अमेरिकन रोख्यांचा परतावा अडीच टक्क्यांपर्यंत गेला होता. २०२२ च्या मापाने सोनं पंधराशेच्या आसपास असायला हवं होतं. ते होतं २,००० डॉलरच्या आसपास.

कारण खरेदीदार बदलले होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि पाश्चात्त्य देशांनी रशियाच्या मध्यवर्ती बँकेची सुमारे तीनशे अब्ज डॉलरची गंगाजळी गोठवली. दुसऱ्याच्या तिजोरीतला पैसा एका सहीने अडकू शकतो हे सगळ्या देशांनी पाहिलं. त्यानंतर २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन वर्षं मध्यवर्ती बँकांनी मिळून दरवर्षी हजार टनांहून अधिक सोनं घेतलं. आपली रिझर्व्ह बँकही त्यात आहे, २०२४ मध्ये तिने सत्तर टनांच्या वर घेतलं. हे गिऱ्हाईक रोख्यावर किती टक्के मिळतात ते बघून सोनं घेत नाही. त्यामुळे व्याज उंच असतानाही सोनं चढलं. सप्टेंबर २०२४ पासून फेडने दर उतरवायला सुरुवात केली, तेव्हा तर त्याला दुसरा वाराही मिळाला. २२ एप्रिल २०२५ ला देशात तोळ्याने एक लाखाचा आकडा ओलांडला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये औंस ४,००० डॉलरवर गेला.

व्याज आणि महागाईचं सूत्र खोटं ठरलं असं मी म्हणणार नाही. ते अजूनही रोजच्या चढउतारात दिसतं. अमेरिकेचा महागाईचा आकडा येतो त्या संध्याकाळी भाव हलतोच. फक्त एकट्या त्याच्यावर लग्नाची खरेदी टांगता येत नाही.

धाकटीचं सोनं

धाकटी आता शिकते आहे, तिच्या लग्नाला अवकाश आहे. पण नानांनी पद्धत बदलली. २०२३ पासून कापसाचा किंवा मक्याचा पैसा आला की त्यातून एक वेढणं. भाव काय आहे ते बघायचं, पण त्यासाठी थांबायचं नाही. एवढं ठरलेलं.

एकदाच ते ठरल्यापेक्षा जास्त घ्यायला निघाले. २३ जुलै २०२४ ला अर्थसंकल्पात सोन्यावरचं शुल्क १५ वरून ६ टक्के झालं. दुपारीच नानांचा फोन. त्यांनी मला इथला भाव विचारला नाही, सोन्याचा डॉलरमधला भाव बदलला का ते विचारलं. मी म्हणालो, तिकडे विशेष काही नाही, हे आपल्याकडचंच. ते म्हणाले, मग हे उतरेल तेवढं उतरून थांबेल. आणि ते बरोबर होते. शुल्काच्या गणिताने भाव पावणेआठ टक्क्यांच्या आसपास उतरायला हवा होता, आणि चार दिवसांत तो चार-पाच हजारांनी उतरला. ही घसरण कुणाच्या अंदाजावर नव्हती, कायद्याने केलेली होती, म्हणून तिच्या तळाची वाट बघण्यात अर्थ नव्हता. त्यांनी एकोणसत्तर हजारांच्या भावाने तीन वेढणी घेतली. त्यासाठी खताचे पैसे मात्र सोसायटीकडून उचलावे लागले. त्यावर ताई चार दिवस बोलली नाही, आणि तिचं म्हणणं मला पटतं : पेरणीच्या पैशाला हात लावून घेतलेलं सोनं स्वस्त नसतं, त्याच्या भावात सोसायटीचं व्याजही धरावं लागतं.

वहीत आजवर सात तोळे लिहिलेले आहेत. प्रत्येक ओळीत तारीख, फलकावरचा भाव, आणि दुसऱ्या वर्षापासून नानांनी स्वतः काढलेला एक रकाना : त्या दिवशी डॉलर किती रुपयांना होता. २०२५ च्या आखाजीला मी गेलो तेव्हा घरी खापरावरच्या पुरणपोळ्या चालू होत्या. झोक्यावर धाकटी आणि तिच्या मैत्रिणी होत्या. नाना वही घेऊन शेजारी बसले. भाव लाखाच्या घरात होता. तीन तोळे बाकी आहेत, एक आज घेऊ की मका निघाल्यावर, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, पैसे मोकळे असतील तर घ्या, पेरणीचे असतील तर राहू द्या. त्यांनी ताईकडे पाहिलं. ताई चुलीवरून नजर न काढता म्हणाली, "पेरणीचे आहेत." नानांनी वही मिटून कोनाड्यात ठेवली आणि पान वाढायला सांगितलं.